एकाच टेकमधले दोघे: मानधन समितीच्या सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

स. न. वि. वि.

वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी केलेल्या एका अर्जावर गेल्या महिन्यात आपलं चार ओळींचं पत्र आलं. ‘सादर केलेले पुरावे अपुरे असल्याने व अर्जदाराची कला विहित यादीत समाविष्ट नसल्याने अर्ज अमान्य करण्यात येत आहे.’ खाली न लागणारी सही. अर्जदार 86 वर्षांचे आहेत. वयाच्या 18 व्या वर्षापासून 80 व्या वर्षापर्यंत त्यांनी ट्रम्पेट वाजवून पोट भरलं. अर्ज मी भरला होता, म्हणून उत्तरही मीच लिहिते आहे. उघड लिहिते आहे, कारण आपल्या टेबलावर असे आणखी अर्ज असणार आणि ते भरणाऱ्यांना वाटत असणार की चूक आपलीच.

आधी माझ्याबद्दल. मी टपाल खात्यात 33 वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. कागद न बघता पैसे दिले की काय होतं ते मला ठाऊक आहे. नियमांशी माझं वैर नाही आणि आपण मुद्दाम अन्याय केला असंही मी म्हणत नाही. पण खिडकीच्या आत बसणाऱ्याला बाहेरचा माणूस कधीकधी फक्त हातापुरता दिसतो, हेही मी अनुभवाने सांगते.

माझे वडील ढोलकी वाजवत. काही वर्षं तमाशात, मग सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. शेवटची नऊ वर्षं त्यांना असंच कलावंताचं मानधन मिळालं आणि त्यावर त्यांची औषधं चालली. तोही अर्ज मीच भरला होता. सोबत काय जोडलं होतं? तमाशाच्या फडमालकाचं एक पत्र, फेटा बांधलेला एक फोटो आणि ओळखीच्या दोन कलावंतांच्या सह्या. ‘कलाप्रकार’ या रकान्यात लिहिलं, ढोलकी. विषय संपला.

आताचे हे अर्जदार आमचे शेजारी. त्यांचं नाव मी इथे देत नाही. ते आपल्याकडच्या अर्जात आहे, आणि आपली अडचण चारचौघांत छापून यावी असं त्यांना वाटत नाही. आम्ही त्यांना अंकल म्हणतो. गिरगावातल्या आमच्या चाळीपासून कावेलच्या त्यांच्या घरापर्यंत चालत सात मिनिटं. वडिलांची नि त्यांची गट्टी जमली ती ताडदेवच्या एका रेकॉर्डिंग हॉलमध्ये, तीही एसीवरून. थंड हवेत अंकलच्या ट्रम्पेटचा सूर उतरायचा आणि वडिलांच्या ढोलकीचा चढायचा. एसी बंद करा म्हणून दोघंही एकदम ओरडले, आणि त्यानंतर 40 वर्षं एकमेकांच्या घरी जेवले.

त्या काळी गाणं एका दमात रेकॉर्ड व्हायचं, हे आपल्यापैकी वयाने मोठ्या सदस्यांना आठवत असेल. गायक, 20-30 व्हायोलिनं, ढोलक, तबले, ब्रास म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, सगळे एकत्र. ट्रम्पेटचा एक सूर फाटला की पुन्हा पहिल्यापासून. वडिलांना नोटेशन, म्हणजे सुरांचं लेखन, वाचता येत नसे. त्यांचं सगळं कानावर. अंकलपुढे कागद असायचा आणि ते बार, म्हणजे मात्रांचे गट, मोजायचे. पहिल्यांदा लावणीच्या चालीत ट्रम्पेटचा तुकडा आला तेव्हा ते अडखळले. वडील म्हणाले, “बार मोजू नकोस, बाईचे पाय बघ.” हॉलमध्ये बाई कुठली? पण अंकलना कळलं. अजूनही ते हे सांगताना टेबलावर बोटांनी ती लय धरतात.

तर सदस्यहो, माझा प्रश्न एवढाच आहे. त्या एकाच टेकमध्ये, एकाच छताखाली, एकाच गाण्यात दोन माणसांनी वाजवलं. त्यातला एक आपल्या लेखी कलावंत ठरला. दुसरा का नाही?

आपल्या पत्रात दोन कारणं आहेत, आणि समक्ष भेटीत आणखी काही ऐकायला मिळाली. एकेक घेते.

यादीचा मुद्दा. आपल्या यादीत ट्रम्पेट नाही, आणि अंकल वाजवत तो जॅझ, म्हणजे अमेरिकेतून आलेलं संगीत, तोही नाही. टेबलावरच्या गृहस्थांनी मदत करण्याच्या हेतूने सुचवलं, “बँड लिहू का?” लिहा म्हटलं. त्यावर शेरा आला की लग्नातला बँड हा व्यवसाय आहे. आता तमाशात तिकीट नसतं का? पोटासाठी वाजवलं म्हणून कला बाद होत असेल तर यादीतलं कुणीच उरणार नाही. मग एक सदस्य म्हणाले, हे काही आपलं संगीत नव्हे. ते सौम्यपणे म्हणाले, म्हणून मीही सौम्यपणे विचारते: नाट्यसंगीतातला ऑर्गन कुठून आला? पेटी कुठून आली? वरातीत ‘पंढरीचा राणा’ वाजवणारं क्लॅरिनेट काय जेजुरीला घडवलं होतं? वाद्य कुठून आलं हे आपण कधीच विचारलं नाही. ते आपल्या घरात किती दिवस राहिलं, हे बघितलं. तसंच इथेही बघा.

जॅझ मुंबईत 90 वर्षं राहतो आहे. 1935 मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागून कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. वेदरफोर्ड तर परत गेलाच नाही. 1945 मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने वारला. त्यांच्यासमोर बसून ज्यांनी हे संगीत उचललं ते बहुतेक गोव्याचे. तिथल्या चर्चच्या शाळांत मेस्तांच्या, म्हणजे संगीतशिक्षकांच्या, हाताखाली पोरं अक्षरांबरोबरच सुरांचं लेखन शिकायची, व्हायोलिन शिकायची. मुंबईला आली की धोबीतलावाच्या, माझगावच्या कुडींत, म्हणजे गावागावाने चालवलेल्या क्लबांत, एक पेटी आणि एक चटई एवढ्या जागेवर राहायची. अंकलही 1957 मध्ये असेच गोव्यातल्या साष्टीतून आले. त्यांच्या आधीच्या पिढीत हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ होते, ज्यांना मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखायची आणि नामवंत अमेरिकन ट्रम्पेटवादकाच्या नावावरून भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायची. मिकी कोरिया यांनी तर 1939 पासून सुमारे दोन दशकं ताजमध्ये बँड चालवला.

आणि हे सगळं साहेबलोकांपुरतं राहिलं असं समजू नका. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेटना हाताशी धरलं आणि तो नाद गल्लीबोळांत गेला. 1951 च्या ‘अलबेला’मध्ये भगवानदादा नाचतात तेव्हा चिक आणि त्यांची मंडळी झालरीचे सदरे घालून पडद्यावरच वाजवताना दिसतात. भगवानदादांची ती पावलं आपण गणपतीच्या मिरवणुकीत आजही नाचतो. आमच्या चाळीत तर जन्मात कुणी ताजची पायरी चढलं नव्हतं, पण ट्रम्पेटच्या त्या फेका सगळ्यांना पाठ होत्या. मग ‘आपलं संगीत’ आणखी कशाला म्हणायचं?

(अंकल स्वतः जुन्या चालीचा जॅझ वाजवणारे. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन असे तिघे एकाच वेळी, आयत्या वेळी सुचेल ते वाजवतात आणि तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही. वडील म्हणायचे, आमच्या चाळीच्या मीटिंगला ह्यांना बोलवा.)

पुराव्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळते.

आपण मागितलं: कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांतली कात्रणं, प्रशस्तिपत्रकं, गुरूचं किंवा संस्थेचं पत्र. हे कागद कुणाकडे असतात? ज्याचं नाव पत्रिकेवर छापलं जातं त्याच्याकडे. 60 च्या दशकात चर्चगेटच्या रस्त्यावर गेलॉर्ड, अँबॅसडर अशा ठिकाणी रोज संध्याकाळी बँड वाजायचा आणि रविवारी सकाळी कॉफी-सँडविचवर जॅम सेशन, म्हणजे जमून आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्याची बैठक, व्हायची. दारूबंदी असली तरी माणसं यायची. तिथे पाटीवर नाव असे बँडलीडरचं. दुसऱ्या ट्रम्पेटचं नाव कोण छापणार? सिनेमात त्याहून बिकट. तबकडीवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, चित्रपटाचं नाव. वाजवणाऱ्याचं नाव नाही. हॉलमधून बाहेर पडताना व्हाउचरवर सही करायची, रोख पैसे घ्यायचे. व्हाउचर राहायचं निर्मात्याच्या मुनिमाकडे. ज्या कागदावर त्यांची सही होती तो कागद त्यांना कधी मिळालाच नाही, आणि आज आपण तोच मागता आहात.

मोठ्यांची ही गत, तर दुसऱ्या ट्रम्पेटची काय असणार? गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनचे पट्टीचे वादक आणि अरेंजर, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणारे. 1958 मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय रागांवरच्या रचना भल्यामोठ्या ऑर्केस्ट्राकडून सादर करवल्या होत्या. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. गुरूंची आठवण म्हणून त्यांचं नाव 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात आलं. देशभर माणसं त्या नावावर अंड्यातून बाहेर येणारा नायक बघून हसली, आणि असा कुणी खरोखर आहे हे फार थोड्यांना माहीत होतं. ते 2012 मध्ये गेले.

अंकलच्या फाइलमध्ये काय होतं तेही इथे लिहिते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही ठरवता येईल. वादकांच्या संघटनेचं ओळखपत्र, कोपरे झिजलेलं. तीन फोटो, त्यातल्या एकात मागच्या रांगेत अर्धा चेहरा. ट्रम्पेटच्या पार्टचे, म्हणजे त्याच्या वाट्याच्या सुरांचे, हाताने लिहिलेले 41 कागद, प्रत्येकावर तारीख आणि स्टुडिओचं नाव. त्या काळच्या दोन सहवादकांची पत्रं. त्यातले एक 83 वर्षांचे, लिहिताना हात थरथरतो म्हणून नातीने लिहिलं आणि त्यांनी अंगठ्याऐवजी हट्टाने सही केली. आपल्या कार्यालयात त्या 41 कागदांकडे बघून विचारणा झाली, “यात शब्द कुठे आहेत?”

या प्रश्नाचा मला राग नाही आला. नोटेशन वाचता येणं सगळ्यांना बंधनकारक नाही. पण ज्याला तो कागद वाचता येतो अशा एकाला तरी बोलवायला हवं होतं. मोडीतला दस्त आला तर आपण मोडी जाणणाऱ्याला बोलवतोच ना?

अंकलनी मला एक गोष्ट पूर्वीच सांगितली होती. हे पत्र लिहायच्या आधी मी ती नीट वाचून घेतली. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स हे या संगीताचं माहेर. तिथला बंक जॉन्सन हा ट्रम्पेटवाला 1931 मध्ये एका नाचाच्या कार्यक्रमात वाजवत असताना तिथेच बँडच्या प्रमुखाचा खून झाला. त्या गोंधळात त्याचं वाद्य गेलं. पुढचे दातही गेले. ट्रम्पेट ओठांनी वाजतो, पण ओठांना मागून आधार दातांचा. बंक लुइझियानातल्या एका छोट्या गावात मोलमजुरी करत राहिला. काही वर्षांनी जॅझचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याला पत्र लिहून शोधून काढलं, वर्गणी काढून ट्रम्पेट घेऊन दिला. दातांची कवळी बसवली ती लिओनार्ड बेशे यांनी, सिडनी बेशे या नामांकित क्लॅरिनेटवादकाच्या दंतवैद्य भावाने. 1942 मध्ये बंकचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. त्याच्याकडे कुणी कात्रणं मागितली नव्हती.

आता आपण म्हणाल, असं तोंडी बोलण्यावर विसंबलं तर कुणीही काहीही सांगेल. बरोबर आहे. बंकनेही थापा मारल्या! आपण फार जुने आहोत हे ठसवण्यासाठी त्याने वय दहा वर्षं वाढवून सांगितलं, असं आता अभ्यासक मानतात. पण म्हणून त्या लोकांनी म्हाताऱ्यांचं ऐकणं सोडलं नाही. उलट 1958 पासून तिथल्या ट्युलेन विद्यापीठाने जॅझचं अभिलेखागार उभं केलं आणि टेपरेकॉर्डर घेऊन माणसं जुन्या वादकांच्या घरी गेली. एकाचं बोलणं दुसऱ्याशी पडताळलं, दुसऱ्याचं तिसऱ्याशी. खोटं आपोआप गळतं. 1961 मध्ये त्याच शहरात प्रिझर्व्हेशन हॉल सुरू झाला, तिथे साठी-सत्तरीचे वादक रोज रात्री वाजवू लागले. दारू नाही, थाट नाही, बसायला बाकडी. लायनेल फर्बोस नावाचे ट्रम्पेटवादक तिथल्या एका कॅफेत वयाची शंभरी उलटल्यावरही वाजवत होते. 2014 मध्ये 103 वर्षांचे होऊन गेले. जन्मभर पत्रेकाम करून त्यांनी संसार चालवला. म्हणजे तिथेही ट्रम्पेटने घर चालत नाही. पण वादकांसाठी दवाखाना आहे.

तिकडचं सगळं चांगलं असा माझा दावा नाही. कृष्णवर्णीय वादकांना तिथे मागच्या दाराने आत घेत होते आणि पुढे मंचावर वाजवून घेत होते. त्यातले बरेच उपेक्षेत मेले. इतकंच सांगते की तोंडी पुरावा तपासण्याची रीत आहे आणि ती जुनी आहे.

राहण्याचा मुद्दा. अंकलचा जन्म गोव्यातला, म्हणून त्यांनी तिकडे अर्ज करावा असं सुचवलं गेलं. तिकडे चौकशी केली तर विचारलं, गोव्यात किती वर्षं वाजवलंत? हिशेबाने आलं, फेस्त म्हणजे चर्चचे उत्सव आणि तियात्र म्हणजे कोंकणी नाटकं यांच्या मोसमातले दिवस धरून जेमतेम दोन वर्षं. 68 वर्षं ते कावेलमध्ये राहतात. रेशनकार्ड इथलं, मत इथलं, बायकोची कबर इथली.

शेवटचा मुद्दा लिहू की नको असं झालं होतं.

आपण त्यांना समक्ष बोलवलंत आणि ‘थोडं वाजवून दाखवा’ म्हणालात. नियमात ‘सादरीकरण’ आहे, मान्य. अंकल इस्त्रीचा कोट घालून आले होते. 80 व्या वर्षी त्यांचे वरचे दात काढले, तेव्हापासून कवळी आहे, आणि ट्रम्पेट पलंगाखाली. ओठ ही चीज पोहण्यासारखी नाही, की एकदा शिकलं की झालं. महिनाभर वाजवलं नाही तरी ती ताकद जाते. इथे सहा वर्षं झाली होती. तरी त्यांनी पेटी उघडली, व्हॉल्व्हना तेल घातलं, ट्रम्पेट ओठांना लावला. एक खालचा सूर निघाला आणि घसरला. पुन्हा लावला. मग ते “सॉरी” म्हणाले आणि वाद्य फडक्याने पुसायला लागले. कुणी हसलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. पण ‘राहू द्या’ असंही कुणी म्हटलं नाही. माझ्या वडिलांना 70 व्या वर्षी ढोलकीवर थाप मारून दाखवता आली होती. बोटं थकली तरी थाप निघते. ट्रम्पेटचं तसं नसतं. 86 वर्षांच्या पैलवानाला मानधनासाठी कुस्ती खेळायला लावाल का?

माझ्या मागण्या अशा.

कलाप्रकारांच्या यादीत पाश्चात्त्य वाद्यं आणि वाद्यवृंदातले वादक असा स्पष्ट रकाना घाला. त्यात जॅझ, चित्रपटसंगीतातले वादक, तियात्राचे वादक, रस्त्यावरचे बँडवाले, सगळे येऊ द्या.

वादक संघटनेचं ओळखपत्र आणि दोन समकालीन वादकांची प्रतिज्ञापत्रं हा पुरेसा पुरावा धरा. शंका आली तर तिसऱ्याला विचारा. समितीत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं पाश्चात्त्य सुरलेखन, वाचणारा एक माणूस घ्या. मुंबईत अशा माणसांचा तुटवडा नाही.

75 वर्षांवरच्या कुणाकडूनही, आणि फुंकून वाजवण्याच्या वाद्याच्या बाबतीत तर वयाची अट न घालता, वाजवून दाखवण्याची सक्ती काढून टाका.

माणूस जिथे राहिला आणि जिथे राबला तिथला तो, हे लेखी करा.

आणि एक अशी मागणी जी आपल्या कक्षेत कदाचित येत नाही, पण वर कळवणं आपल्या हातात आहे. 1978 मध्ये मुंबईच्या रंगभवनात जॅझ यात्रा हा महोत्सव पहिल्यांदा झाला, सनी रोलिन्ससारखा नामवंत अमेरिकन सॅक्सोफोनवादक येऊन वाजवून गेला. अंकल मागच्या पायऱ्यांवर उभे राहून रात्रभर ऐकत होते. त्या रात्री बाजूला उभे असलेले त्यांचे सहा दोस्त होते. आज दोन आहेत. रेस्टॉरंटांतले बँड रेकॉर्डेड संगीताने संपले, स्टुडिओतली ब्रास सिंथेसायझरने संपली, पण हे कसं संपलं आणि आधी कसं होतं, ते सांगू शकणारी माणसं अजून आहेत. महाविद्यालयातली चार मुलं आणि एक रेकॉर्डर, एवढा खर्च आहे. तो या वर्षी करा.

अंकलचा अर्ज मी पुन्हा करते आहे. सोबत तेच 41 कागद, तेच ओळखपत्र, तीच दोन पत्रं. एक कागद नवा आहे: माझ्या वडिलांच्या वहीचं पान, त्यात रेकॉर्डिंगच्या तारखा आणि त्या दिवशी कोण कोण होतं ते मोडक्या अक्षरात लिहिलेलं. वडिलांच्या अर्जाच्या वेळी ती वही दाखवलीच नव्हती, कारण तेव्हा तिची गरजच पडली नाही. आता ती ग्राह्य धरा. तिच्यात अंकलचं नाव 27 वेळा आहे.

कुणाला घरी येऊन पडताळणी करायची असेल तर जरूर या. संध्याकाळी पाचनंतर, दुपारी ते झोपतात. जिना अंधारा आहे, कठडा धरून चढा. ट्रम्पेट दाखवतील, वाजवा म्हणू नका.

आपली नम्र,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
गिरगाव, मुंबई